पुण्यातील चौकांची रचना: उजवे वळण चौकाबाहेर काढता येईल का?

रस्तेकर

पुण्यात एखादा चौक रोज तुंबू लागला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते. सिग्नलची वेळ वाढवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर उड्डाणपूल बांधावा. नळ स्टॉपचा दुमजली पूल मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि कर्वे रस्त्यावरून सरळ जाणारी वाहने वरून निघून जाऊ लागली, परंतु पूल जेथे जमिनीला टेकतो तेथे नवी कोंडी उभी राहिली. विद्यापीठ चौकातील जुने पूल तर २०२० मध्ये पाडावे लागले, कारण मेट्रोसह नवा दुमजली पूल उभारण्यासाठी त्यांची जागा हवी होती. पुलांना माझा सरसकट विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की पूल बांधण्याआधीचा प्रश्न आपण विचारतच नाही. या चौकात वाहनांचे प्रवाह एकमेकांना नेमके कोठे छेदतात, आणि त्यांतले किती छेद जमिनीवरची रचना बदलून नाहीसे करता येतील?

दोन दुहेरी रस्ते एकमेकांना ओलांडतात अशा साध्या चौकात वाहनांच्या मार्गांचे ३२ संघर्षबिंदू, म्हणजे दोन वाहनांची गाठ पडू शकते अशा जागा, असतात. त्यांपैकी ८ ठिकाणी प्रवाह फुटतो, ८ ठिकाणी दोन प्रवाह मिसळतात आणि १६ ठिकाणी ते एकमेकांना आडवे छेदतात. गंभीर अपघातांची भीती मुख्यतः या १६ बिंदूंवर असते, कारण तेथे एका वाहनाचे तोंड दुसऱ्याच्या बगलेवर किंवा समोरासमोर आदळते. या १६ छेदांची फोड केली तर सरळ जाणाऱ्या वाहनांनी एकमेकांना छेदण्याचे बिंदू फक्त ४ निघतात. उरलेल्या १२ बिंदूंत कोणी ना कोणी उजवीकडे वळत असते.

सिग्नलचे गणितही उजव्या वळणापाशीच अडते. चारही बाजूंना उजवे वळण द्यायचे तर साधारणपणे प्रत्येक बाजू स्वतंत्र सोडावी लागते, म्हणजे सिग्नलच्या एका पूर्ण फेऱ्यात चार टप्पे होतात. हिरवा दिवा लागल्यावर रांग हलायला आणि तो गेल्यावर चौक रिकामा व्हायला मिळून प्रत्येक टप्प्यात चार सेकंद वाया जातात असे धरले, तर चार टप्प्यांत १६ सेकंद जातात. हा तोटा भरून काढण्यासाठी फेरा लांबवला जातो, फेरा लांबला की रांग लांबते, आणि रांग मागच्या चौकापर्यंत पोहोचली की तोही चौक बंद पडतो. उजवे वळण चौकातून काढून टाकले तर दोनच टप्पे पुरतात आणि १२० सेकंदांचा फेरा ६० ते ७० सेकंदांवर आणता येतो.

अमेरिकेतील मिशिगन राज्याने हेच १९६० च्या दशकापासून केले आहे. तेथे वाहने उजवीकडून चालतात म्हणून ते डावे वळण काढतात. आपल्यासाठी ते आरशात पाहिल्याप्रमाणे उलटे समजावे. मुख्य रस्त्यावरून उजवीकडे जायचे असेल तर चौक सरळ ओलांडायचा, पुढे दुभाजकातील खुल्या जागेतून यू-टर्न घ्यायचा, परत चौकापर्यंत यायचे आणि डावीकडे वळायचे. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याने आधी डावीकडे वळायचे, मग यू-टर्न घेऊन सरळ निघून जायचे. चौकातील १६ छेद ४ वर येतात. यू-टर्नची जागा चौकापासून सुमारे २०० मीटरवर असावी असा त्यांचा संकेत आहे, आणि माझ्या मते या रचनेचे यश त्या अंतरावरच ठरते.

आता आपल्याकडचे पाहा. गेल्या काही वर्षांत शहरात अनेक ठिकाणी उजवे वळण बंद करून पुढे यू-टर्न दिलेला आहे, म्हणजे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. परंतु ते लोखंडी बॅरिकेड लावून स्वीकारले आहे, रचना म्हणून नव्हे. यू-टर्नच्या जागी रस्ता रुंद केलेला नसतो, वळणाऱ्या वाहनांना थांबायला वेगळी मार्गिका नसते, पुढे पुरेसा रस्ता दिसत नाही, आणि चौकात मोकळा झालेला वेळ पादचाऱ्यांना न देता पुन्हा वाहनांनाच दिला जातो. अर्धी रचना करून पूर्ण रचनेचे फळ मागितले जाते, आणि ते मिळाले नाही की सगळे पुन्हा पुलाच्या मागणीवर येतात.

जगात याशिवायही पर्याय वापरात आहेत. मधल्या बेटाभोवती वाहने एकाच दिशेने फिरवणाऱ्या आधुनिक राउंडअबाउटवर एकही आडवा छेद उरत नाही. चार फाट्यांच्या एकेरी राउंडअबाउटवर संघर्षबिंदू फक्त ८ असतात, तेही मिसळण्याचे आणि फुटण्याचे. महामार्ग आणि शहरी रस्ता जेथे पुलाने एकमेकांना ओलांडतात तेथे डायव्हर्जिंग डायमंड नावाची रचना आहे. तिच्यात पुलापुरती दोन्ही दिशांची वाहने बाजू बदलतात, त्यामुळे महामार्गावर चढणाऱ्यांना समोरून येणाऱ्या वाहनांपुढून वळावे लागत नाही. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे ती १९७० च्या दशकापासून होती, आणि अमेरिकेत पहिली २००९ मध्ये मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे झाली. आपल्या बाह्यवळण महामार्गाखालचे चौक पाहताना मला तिची वारंवार आठवण होते. आणि एक पर्याय तर आपल्या अगदी अंगवळणी पडलेला आहे. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही एकेरी रस्त्यांची जोडीच आहे, आणि तिच्यामुळे त्या दोन्ही रस्त्यांवरील प्रत्येक चौकातले कितीतरी छेद नाहीसे झालेले आहेत.

आपापल्या परिसरातील चौक डोळ्यांसमोर ठेवून कोणता पर्याय कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही, हे कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

मेधा_एरंडवणे

विषय फार महत्त्वाचा काढलात. तुमच्या ३२ बिंदूंत माणूस कोठेच नाही, याकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. ते सर्व बिंदू वाहनाने वाहनाला छेदण्याचे आहेत. चौक पायी ओलांडणाऱ्याचे बिंदू त्यात धरलेले नाहीत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि त्यात पायी चालणाऱ्याला प्राधान्य दिले. चौकाच्या कोणत्याही पर्यायाची पहिली परीक्षा तेथूनच घ्यायला हवी.

सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. २४ मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने २० सेकंदांत ओलांडता येतो. माझ्या सासूबाईंसारखी गुडघेदुखी असलेली व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला ३० सेकंद लागतात. हे दहा सेकंद या हिशोबात धरलेले नसतात. म्हणून दुभाजकावर थांबता येईल इतकी सुरक्षित जागा असणे ही सोय नसून गरज आहे, आणि तुम्ही सांगता त्या यू-टर्नच्या रचनेत रुंद दुभाजक ठेवायचा असेल तर ती पादचाऱ्यांच्या पथ्यावर पडेल. फेरा छोटा होणे हीसुद्धा आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. दोन-अडीच मिनिटे उन्हात उभे राहायला लावल्यावर माणूस लाल दिव्यात रस्ता ओलांडतो. त्याला बेशिस्त म्हणण्यापूर्वी त्याला किती वेळ थांबवले हे पाहायला हवे.

माझा खरा आक्षेप मोकळ्या डाव्या वळणाला आहे, आणि त्याविषयी या धाग्यावर सविस्तर बोलले जावे. कोपऱ्यातून वाहन सिग्नलला न थांबता वळावे म्हणून कोपरा गोल आणि रुंद केला जातो. त्यामुळे वाहन वेगाने वळते, आणि पादचाऱ्याला पदपथावरून निघून पहिल्यांदा जो रस्ता ओलांडावा लागतो त्याला दिवाच नसतो. उजवे वळण काढल्यावर त्या सगळ्या वाहनांना कधी ना कधी डावीकडे वळावे लागणार आहे, म्हणजे डाव्या वळणाची वर्दळ वाढणार आहे. त्या वेळी कोपरे आवळून घेतले नाहीत आणि डावे वळण सिग्नलखाली आणले नाही, तर वाहनांचे छेद कमी होतील आणि माणसांचे वाढतील. नेदरलँड्समध्ये सिग्नलच्या चौकांत कोपऱ्यावर लहान उंच बेट ठेवतात. त्यामुळे वाहनाला वळसा घट्ट घ्यावा लागतो, आणि सायकलस्वार व पादचारी चालकाला आरशात नव्हे तर समोर दिसतात. या उपायाला पुलाच्या खर्चाचा काही अंशही लागत नाही.

सिग्नलयंत्री

माझी नोकरी वाहतूक नियंत्रणाच्या क्षेत्रातील आहे, म्हणून राउंडअबाउटविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण त्याबाबत आपल्याकडे बराच गोंधळ आहे.

आपण ज्याला सर्कल म्हणतो ते बहुतेक वेळा आधुनिक राउंडअबाउट नसते. चौकाच्या मधोमध मोठे बेट, त्यावर कारंजे किंवा पुतळा, भोवती तीन-चार मार्गिकांचा रुंद रस्ता आणि सरळ रेषेत आत शिरणारे फाटे, ही जुनी रोटरी झाली. आधुनिक राउंडअबाउटची ओळख दोन गोष्टींनी होते. पहिली म्हणजे आत शिरणाऱ्याने आत फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. दुसरी म्हणजे प्रवेशाचा मार्ग मुद्दाम वाकडा ठेवायचा, म्हणजे चालकाची इच्छा असो वा नसो, त्याला वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आणावाच लागतो. या दोहोंपैकी एकही गोष्ट नसेल तर ती केवळ चौकात ठेवलेली अडचण आहे.

पहिल्या नियमाचा इतिहास पुणेकरांना उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राधान्याचा स्पष्ट नियम नव्हता. गर्दी वाढली की आत शिरणारी वाहने घुसत राहत, आत फिरणारी अडकून पडत, ती अडकली की बाहेर पडण्याच्या वाटाही बंद होत आणि सगळे वर्तुळ गोठून जात असे. १९६६ मध्ये आत फिरणाऱ्या वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम देशभर लागू झाला आणि त्याच वर्तुळांमधून अधिक वाहने सुरळीत जाऊ लागली. आपल्याकडे "लोकांना शिस्तच नाही, येथे हे चालणार नाही" असे म्हटले जाते तेव्हा मला हे सांगावेसे वाटते की तेथील वर्तुळेही अशीच गोठत होती, आणि ती सोडवली ती स्पष्ट नियमाने आणि त्याला पूरक अशा आकाराने.

सुरक्षिततेबाबत आकडे ठोस आहेत. अमेरिकेच्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मते सिग्नलचा चौक बदलून राउंडअबाउट केल्यास मृत्यू किंवा दुखापत होणारे अपघात सुमारे ७८ टक्क्यांनी घटतात. इंडियाना राज्यातील कार्मेल या शहराने दीडशेहून अधिक राउंडअबाउट बांधले आहेत. तरीही पुण्यातील मोठ्या चौकांत मी ते सुचवणार नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मार्गदर्शनानुसार सर्व फाट्यांवरून मिळून तासाला सुमारे ३,००० वाहनांपर्यंतच रोटरी नीट काम करते, आणि आपले प्रमुख चौक गर्दीच्या वेळी त्याच्या पुष्कळ पुढे असतात. दोन-तीन मार्गिकांचे वर्तुळ केले तर आतल्या आत मार्गिका बदलण्याचे नवे छेद तयार होतात. त्यावर डेल्फ्ट विद्यापीठातील फोर्टाइन यांनी १९९६ मध्ये टर्बो राउंडअबाउटची रचना मांडली. तिच्यात उंच कडांनी मार्गिका आधीच वेगळ्या केलेल्या असतात, त्यामुळे चालकाला आत शिरण्यापूर्वीच आपली मार्गिका निवडावी लागते. दुचाक्यांच्या आपल्या गर्दीत त्या उंच कडा धोकादायक ठरतील, अशी मला शंका आहे. राउंडअबाउटची खरी जागा वस्त्यांमधील मधल्या रस्त्यांवर आहे, कोथरूड, सहकारनगर किंवा विमाननगरमधील अशा चौकांत, जेथे सिग्नल लावण्याइतकी गर्दी नसते पण रात्री भरधाव वाहने आदळतात.

बेटावरील पुतळ्यांविषयी एक गोष्ट कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवी. राउंडअबाउटच्या मध्यभागी पादचाऱ्याने कधीच जाऊ नये, अशी ती रचना असते. आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीला हार घालायला शेकडो माणसे त्या बेटावर जातात, आणि ते योग्यच आहे. म्हणून स्मारकाची जागा आणि वाहतूक बेटाची जागा वेगवेगळी असावी, यातच दोहोंचा मान आहे.

हिंजवडीमार्गी

पर्यायी रचनेचा आपल्याकडचा मोठा प्रयोग २०१८ मध्ये हिंजवडीच्या आयटी वसाहतीत झाला. शिवाजी चौक, फेज १ चे सर्कल आणि मेझा नाईन यांना जोडणारे रस्ते एकेरी करून वाहतूक एका मोठ्या फेऱ्याने फिरवली गेली. रस्तेकर यांच्या भाषेत सांगायचे तर संपूर्ण वसाहतीभोवती एक अवाढव्य राउंडअबाउट तयार केला गेला, आणि शिवाजी चौकातील छेद त्यामुळे निश्चितच कमी झाले.

त्यातून मला दोन धडे दिसतात. पहिला अंतराचा. एकेरी फेऱ्यात ज्याचे कार्यालय चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे त्यालाही सगळा वळसा घालावा लागतो, आणि वळसा लांब असला की दुचाकीस्वार कडेने उलट्या दिशेने येऊ लागतात. मिशिगनचे २०० मीटर त्यामुळेच महत्त्वाचे आहेत. यू-टर्न अर्ध्या किलोमीटरवर नेला, तर उलट दिशेने येण्याची सोय आपणच निर्माण केली असे होते, आणि समोरासमोरची ती टक्कर चौकातल्या टकरीइतकीच घातक असते. दुसरा धडा बसचा. रस्ता एकेरी झाला की जाण्याचा आणि येण्याचा थांबा वेगवेगळ्या रस्त्यांवर जातो, आणि दिवसातून एकदा तरी प्रवाशाला तेवढे अंतर पायी तोडावे लागते. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता जवळजवळ आहेत म्हणून ते तेथे खपून जाते. एकेरी जोडी करायची तर दोन रस्त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांत चालण्याजोगा पदपथ आधी व्हायला हवा.

चाकामागे

माझी उभी हयात बस चालवण्यात गेली, म्हणून यू-टर्नविषयी चालकाच्या आसनावरून लिहितो. बारा मीटर लांबीची बस मागेपुढे न करता एका दमात वळवायची तर सुमारे २४ मीटर रुंदी लागते. आपल्या रस्त्याच्या एका बाजूला तीन मार्गिका धरल्या तरी साडेदहा मीटर होतात. दुभाजक दीड मीटरचा असला आणि बस दुभाजकालगतच्या मार्गिकेतून निघाली, तर हातात १५ मीटरच येतात. मग बसला आधी डावीकडे अंग काढून, मागच्या दोन मार्गिका अडवून वळावे लागते, आणि तेवढ्यात दुचाकी आतल्या बाजूने घुसते. आतल्या बाजूचे मागचे चाक नेमके तेथे येते, आणि आरशात ती जागा दिसत नाही. हा अपघात कसा होतो, हे प्रत्येक बसचालकाला माहीत असते.

म्हणून जेथे यू-टर्न द्यायचा तेथे पलीकडच्या कडेला रस्त्याला अर्धगोल फुगवटा द्यावा लागतो. त्यासाठी पदपथ खाल्ला जाऊ नये, तर सार्वजनिक जागेची सीमाभिंत मागे घ्यावी किंवा पार्किंगची पट्टी काढावी. तेही जमत नसेल, तर बस आणि अवजड वाहनांना चौकातूनच उजवीकडे वळू द्यावे आणि केवळ मोटारी व दुचाक्यांना यू-टर्न द्यावा.

दुसरी अडचण मेट्रोच्या खांबांची आहे. पौड रस्ता, कर्वे रस्ता आणि नगर रस्ता येथे खांब दुभाजकातच उभे आहेत. दोन खांबांच्या मधून यू-टर्न दिला की वळणाऱ्याला समोरून येणारे वाहन खांबाआडून अचानक दिसते. अशा जागी यू-टर्नलाही छोटा सिग्नल असावा आणि तो मुख्य चौकाच्या सिग्नलशी जुळवलेला असावा. केवळ फलक लावून हे भागणार नाही.

रस्तेकर

सर्वांचे मनापासून आभार. मेधाताई, तुमचा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. डावे वळण सिग्नलखाली आणणे आणि कोपरे आवळणे, या दोन अटी मूळ मांडणीचाच भाग धराव्यात.

चाकामागे यांचा प्रतिसाद वाचल्यावर एक विचार पक्का झाला. आपल्या चौकात बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत, आणि आपण मोटारींच्या देशांतील रचना त्यांच्यासाठी उसन्या घेत आहोत. दुचाकीला यू-टर्नसाठी २०० मीटर पुढे पाठवण्याचे कारणच नाही. तैवानमध्ये स्कूटरची संख्या प्रचंड आहे, आणि तेथे अनेक चौकांत स्कूटरने आडवे वळण दोन टप्प्यांत घ्यायचे असते. आपल्या बाजूने सांगायचे तर उजवीकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराने हिरव्या दिव्यात डाव्या कडेने सरळ जायचे आणि पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर, डावीकडून येणाऱ्या रस्त्याच्या थांबरेषेपुढे आखलेल्या चौकटीत उजवीकडे तोंड करून थांबायचे. त्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की सर्वांत पुढे असल्याने तो आधी निघून जातो. डावीकडून वाहने चालवणाऱ्या मेलबर्नमध्ये तर मध्यभागातील ट्रामचा मार्ग मोकळा राहावा म्हणून काही चौकांत मोटारीही डाव्या कडेला थांबून असेच उजवे वळण घेतात.

त्यासाठी लागतो रंग, फलक आणि सुरुवातीचे काही आठवडे समजावून सांगणारी माणसे. मात्र मेधाताईंचा मुद्दा येथे पुन्हा आडवा येतो. ज्या कोपऱ्यावर दुचाक्यांची चौकट आखायची, नेमके त्याच कोपऱ्यातून आडव्या रस्त्याचे मोकळे डावे वळण जाते. थांबलेल्या दुचाक्यांच्या अंगावर ती वाहने येतील. म्हणजे मोकळे डावे वळण बंद केल्याशिवाय ही चौकटही सुरक्षित होत नाही. सगळ्या पर्यायांची गाठ शेवटी या एका गोष्टीपाशी पडते, हे मला या धाग्यामुळे ठळकपणे दिसले.

डॉक्टर_नगररस्ता

दोन मुद्दे थोडक्यात लिहिते. दुभाजक बंद करताना रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी यांचा विचार व्हावा. चौकाच्या तोंडाशी वाहन चढू शकेल अशी कमी उंचीची, उतरती कड ठेवली किंवा चाकाखाली वाकून पुन्हा उभे राहणारे खांब लावले, तर अडचण येत नाही. काँक्रीटचे जाड ठोकळे रचले तर येते. दुसरे असे की, मला आघातविभागात दिसते ती गोष्ट वेगाची असते. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला पादचारी बहुतेक वेळा वाचतो, आणि वेग ५० च्या पुढे गेला की त्याची शक्यता झपाट्याने घटते. त्यामुळे उजवे वळण काढून सरळ जाणाऱ्या वाहनांना लांबच लांब मोकळा रस्ता दिला आणि रात्री त्यांचा वेग वाढला, तर दिवसा वाचलेले जीव रात्री जातील. यू-टर्नच्या जागी पादचाऱ्यांसाठी उंचावलेले पट्टे आखले तर वेगही आटोक्यात राहील आणि ओलांडण्याची सोयही होईल.

सिग्नलयंत्री

डॉक्टरांचा मुद्दा अतिशय योग्य आहे, आणि तो सिग्नलच्या बाजूनेही हाताळता येतो. दोन टप्प्यांचा सिग्नल रात्रीही चालू ठेवावा आणि त्याचा फेरा अगदी छोटा करावा. रात्री पिवळा दिवा लुकलुकत ठेवण्याची पद्धत मोठ्या रस्त्यांवर मला घातक वाटते.

डायव्हर्जिंग डायमंडविषयी एवढेच सांगतो की तिच्यात वाहने काही अंतर विरुद्ध बाजूने चालतात. जेथे रस्त्याच्या कडेने पायी जाणारे, हातगाड्या आणि उलटे येणारे दुचाकीस्वार यांची सरमिसळ आहे, तेथे प्रवाह पूर्णपणे कठड्यांनी बांधल्याशिवाय तिचा विचार करू नये. आपल्या बाह्यवळणाखालच्या बहुतेक बोगद्यांत तेवढी रुंदी नाही. चांदणी चौकाचा जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडून ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. ती वाहनांच्या दृष्टीने मोकळी झाली, परंतु पादचाऱ्यांसाठी पुलाची मागणी उद्घाटनानंतरही करत राहावी लागली. महामार्गावरील चौकांत पहिले काम तेच असायला हवे.

मेधा_एरंडवणे

मग प्रत्यक्ष मागणी काय करायची, हे ठरवू या. वाहतूक पोलीस बदल प्रायोगिक तत्त्वावर करतात आणि हरकती व सूचना मागवतात. त्या मुदतीत बहुधा फक्त संबंधित दुकानदार लिहितात. आपण एखादा मध्यम आकाराचा चौक निवडून त्याचा नकाशा आणि लेखी सूचना एकत्र द्याव्यात. माझ्या मते मेट्रोचे खांब किंवा पुलाची उतरंड नसलेला, आणि जवळ शाळा किंवा भाजीबाजार असलेला चौक निवडावा, म्हणजे पायी चालणाऱ्यांची परीक्षा तेथे खऱ्या अर्थाने होईल.

रस्तेकर

मान्य. क्रम असा ठेवावा असे सुचवतो. आधी मोकळी डावी वळणे बंद करून कोपरे पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या अडथळ्यांनी आवळावेत, म्हणजे काही चुकले तर एका रात्रीत पूर्ववत करता येईल. त्यानंतर दुचाक्यांची चौकट आखावी. ती रुळल्यावर मोटारींचे उजवे वळण बंद करून २०० मीटरच्या आत, फुगवट्यासह यू-टर्न द्यावा, आणि बसला चौकातून वळण्याची मुभा ठेवावी. सगळे एकाच दिवशी बदलले तर कशामुळे काय झाले हे कळणार नाही, आणि लोकांचा रोष संपूर्ण रचनेवर ओढवेल.

मोजणीही आधीपासून करावी लागेल. रांगेची लांबी आणि फेऱ्याचा वेळ सगळेच मोजतात. त्यासोबत पादचाऱ्याला रस्ता ओलांडण्यासाठी किती वेळ थांबावे लागते, उलट्या दिशेने किती दुचाक्या येतात, आणि किती वेळा वाहनांना जोराने ब्रेक मारावा लागतो, हेही कॅमेऱ्याच्या चित्रणावरून मोजता येते. अपघातांची संख्या काही महिन्यांत निष्कर्ष काढण्याइतकी नसते, परंतु हुकलेल्या धडकांची संख्या एका आठवड्यात पुरेशी मिळते. सिग्नलयंत्री, फेऱ्यांच्या वेळांचा तक्ता तुम्ही करून द्याल का? चाकामागे, बसच्या वळणाचा मार्ग तुम्ही नकाशावर आखून दिलात तर फुगवटा किती ठेवायचा हे ठरवता येईल. नकाशा मी काढतो.

चाकामागे

जरूर देतो. फक्त चौक ठरल्यावर तेथून जाणाऱ्या मार्गांवरच्या दोन-तीन चालकांशीही बोलून घेऊ. कोणत्या वेळी कोणत्या बाजूला रिक्षा थांबतात आणि भाजीचे टेम्पो कोठे लागतात, हे नकाशावर दिसत नाही आणि वळणाची जागा तेच ठरवते.

सिग्नलयंत्री

तक्ता करतो. सध्याचे चार टप्पे आणि प्रस्तावित दोन टप्पे शेजारी शेजारी मांडतो, आणि पादचाऱ्यांचा वेळ सेकंदाला ०.८ मीटर या वेगानेच धरतो.